बुडाखालची सहा अक्षरं

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
आरवाड्यांनी माझ्या ओल्या फळीवर ठेवली ती फुलदाणी.
बाहेरून चिनी माती, आत गळ्यापर्यंत आमची.
निळा ड्रॅगन, पंजाला पाच नख्या,
कृष्णेच्या गाळातून नुकता वर आल्यासारखा.
"वखारीत होती. आजोबांनी कुठल्याशा लिलावात घेतलेली.
नाव घाल हिच्यावर. कै. चंपाबाई यांचे स्मरणार्थ."

सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षं मी नावं घालतोय.
पितळ, तांबं, आता सगळं स्टील.
टिकटिक टिकटिक, ठिपक्याला ठिपका.
चि. सौ. कां. पासून कै. पर्यंत
अख्खी बाई दोन डब्यांत मावते.
चिनी मातीला मात्र कधी सुई लावली नव्हती.
म्हटलं, आधी धुऊ तर दे.

बूड घासलं, तर खाली सहा अक्षरं.
तीन तीन, उभी, निळी.
अंगठा फिरवला, काहीच लागेना.
माझं अक्षर नखाला अडतं,
अंधारातही कळतं डबा कुणाचा.
हे झिलईच्या आत,
पाण्याखाली गेलेल्या दुकानाच्या पाटीसारखं,
दिसतं
आणि हाती येत नाही.

मुजावरांची निलोफर चीनमधून डॉक्टर होऊन आलीय,
गल्लीत लेप्टोच्या गोळ्या वाटत होती.
गमबुटासकट आत आली, उजवीकडून वाचलं:
"थोर छिंग. छ्येनलुंग राजाच्या काळी. घडवली."
"आणि घडवणारा?"
"त्याचं नाव नसतं, काका."
मग हसली. "राजाचं तरी खरं असेल कशावरून?
हॉस्टेलच्या मावशीकडं अशीच होती.
ती म्हणायची, मागाहूनचे कुंभार
जुन्या राजाचं नाव टाकायचे.
कधी फसवायला.
कधी मानानं."

मानानं, हे मला लगेच कळलं.
काल घेतलेल्या पातेल्यावर
तीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस
मी रोज लिहितो.
त्याला कुणी नक्कल म्हणत नाही.

"मग, घालतोस ना?" आरवाडे.
"फुटेल," म्हटलं.
बेतानं धरली असती तर फुटली नसती, पण म्हटलं.
"खाली ठेवायला स्टीलची ताटली आणा, तिच्यावर घालतो."

आणली. घातलं. चंपाबाई नीट बसल्या.
मग ताटली पालथी केली
आणि मधोमध एक ठिपका मारला.
नाव नाही, नुसता ठिपका.
सुई हातात होतीच.

अक्षराला दोन रुपये घेतो मी.
ठिपक्याचे लावले नाहीत.