पानं उलटणारा

चार कॅसेटी आहेत, नव्वद मिनिटांच्या.
पाठीवर निसारचं तिरकं अक्षर:
प्रिस्किला उजगरे, सोप्रानो. शरणपूर, जानेवारी सत्त्याऐंशी.
चौथीवर नुसतं 'उरलेलं'.

माझं नाव कुठेच नाही, असायचं कारणही नाही.
मी पियानोच्या डाव्या अंगाला बसून
पानं उलटत होतो.

दिवसा नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये,
कागद मोजायचो. सुटताना झडती द्यायची,
आणि तेच रिकामे हात हँडलवर ठेवून
द्वारका ओलांडून शरणपूरला यायचं, कानटोपीत.
मला जर्मन येत नव्हतं. अजूनही येत नाही.
कॉयरमध्ये काळे ठिपके वाचायला शिकलो, तेवढंच,
आणि आमोस मास्तरांची मान:
ती खाली गेली की पान.

उजगरेबाई मिशनच्या दवाखान्यात मेट्रन.
त्या दिवशीही ड्यूटी करूनच आल्या होत्या,
स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला
आणि प्रत्येक गाण्याआधी अर्थ सांगितला, मराठीत,
औषधाच्या वेळा सांगाव्यात तसा.
'या गाण्यातल्या बाईनं दिवा विझवलाय,
आता ती अंधार मोजत बसलीय.'
मागून कुणीतरी म्हणालं, 'लोडशेडिंग.'
ते हसू आहे टेपवर. बाईंचंही आहे त्यात,
आणि हसू पुरतं ओसरायच्या आत
पहिला सूर.

असा सूर आमच्या गल्लीत कुणी लावत नसे.
उंच, पण ओरडणं नव्हे.
गोदाकाठी धुतलेलं धोतर दोघांनी दोन टोकांनी धरून
एकदम ताणावं, आणि मधलं पाणी उडावं
तसं काहीतरी.
नीट सांगता येत नाही. मी पान बघत होतो.

तिसऱ्या गाण्यात दोन पानं चिकटली.

नोटा मोजणाऱ्या माझ्या बोटांना.
मास्तरांची मान खाली गेली, मी उलटलं,
आणि समोर भलतीच गल्ली.
मास्तरांचे हात हवेत थांबले.
बाई थांबल्या नाहीत.
होता तो सूर धरून राहिल्या, एकट्या,
खाली काही आधार नसताना,
चार मात्रा, कदाचित पाच,
मी नखानं कागद सोडवेपर्यंत.

नंतर चहाला सगळे त्याच जागेबद्दल बोलत होते.
'पियानो सोडून दिलात तिथे, काय ती कल्पना!'
पाद्रीसाहेबांनी तर पुढच्या रविवारी
त्यावर अर्धं प्रवचन दिलं: विश्वास म्हणजे काय.
मास्तर बशीत बघत राहिले.
बाई माझ्यापाशी आल्या, ओंजळीत द्राक्षं,
पिंपळगावहून कुणी आणलेली, अजून आंबटच.
म्हणाल्या, 'थंडीत चिकटतात हो पानं.'
बस. पुन्हा कधी विषय नाही.
बाई गेल्या त्या वर्षी मी प्रेसमधून निवृत्त झालो.

आता भाचा कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवतोय.
'मामा, आवाज साफ करून देतो,
ही खोकला, हे खुर्चीचं करकरणं, सगळं जाईल.'
खोकला शांतवन उजगरेंचा. पावसाळ्याआधीच वारले ते.
खुर्ची कुणाचीही असेल.

ऐकवलं त्यानं, हेडफोन लावून.
सूर खरंच धुतल्यासारखा झालाय.
तिसऱ्या गाण्यात पियानो थांबतो,
आणि बाई एकट्या, चार मात्रा, विनाकारण.
सुरेख आहे. पाद्रीसाहेबांना आवडलं असतं.

'पूर्वीचंही ठेव,' म्हटलं त्याला.
'का? त्यात एवढी खरखर आहे.'
मी म्हटलं, आहे.
मग त्यानं मूळची लावली,
आणि त्या जागेपाशी मी आवाज वाढवला.
सुराच्या पोटात, अगदी खाली,
एक नख
कागद सोडवत होतं.