चारशे एकविसावी पट्टी

केगावच्या लॅबमध्ये दोन महिने मी हेच केलं:
पट्टी छापायची, सपाट, पोस्टकार्डाएवढी जाड,
पासष्ट अंशांच्या पाण्यात सोडायची
आणि ती कुठे वळते ते लिहून ठेवायचं.
रेघांचा कोन, थर, वेग, पीळ.
मे महिन्यात एसी बंद पडला त्या दुपारी
अकरा पट्ट्या पाण्याआधीच वाकल्या.
त्याही लिहिल्या. चारशे बारा झाल्या.

मॉडेल आता उलटं विचारू देतं:
हा आकार हवाय, तर सपाट काय छापू?
बहुतेक वेळा बरोबर सांगतं.
का, ते सांगत नाही.

विडी घरकुलात अम्मा रात्री पानं भिजवते,
सकाळी गोणपाटातून एकेक काढून
पत्र्याच्या मापाभोवती कातर फिरवते.
वळायच्या आधीच तिला कळतं
कुठलं पान उलगडेल, कुठलं शिरेवर फाटेल.
कसं कळतं विचारलं तर म्हणाली,
"बोटांना विचार."

मी विचारलं नाही, मोजलं.
उजवी तर्जनी, मधला सांधा,
सदतीस अंशांवर अडकलेला.
तेहतीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
त्या बोटाचे चोवीस फोटो मॉडेलला दिले.
असलं बोट त्याने पाहिलं नव्हतं.
पहिली पट्टी जिलबी झाली,
दुसरी नुसतीच तरंगत राहिली.
नववी पातेल्यात हलली, थबकली,
आणि मागून कुणी हाक मारावी तशी
वळून अम्माच्या बोटाची झाली.

चार दिवस घातली तिने.
पाचव्या दिवशी काढून माझ्यापुढे ठेवली:
"ह्याच्यानं सुताची गाठ बसत नाही गं.
काल साठ विड्या छाटात गेल्या."

मी काही बोलायच्या आत
तिने ती चहाच्या आधणात बुडवली,
चिमट्याने काढली, फुंकर घातली,
आणि मऊ होती तोवर
कातरीच्या मुठीला गुंडाळली,
जिथे अंगठ्याला घट्टा पडतो, बरोब्बर तिथे.
निवू दिली.
दोनदा हवेतच कातर चालवून पाहिली.
"आता बरं."

रात्री नोंद करायला बसले.
अपेक्षित आकार: बोट.
मिळालेला आकार: कातर.
त्रुटीचा रकाना तसाच सोडला.
मोरीत अम्मा उद्याची पानं भिजवत होती,
त्यातलं एक उचलून दिव्याकडे धरलं तिने,
आणि का कोण जाणे, बाजूला ठेवलं.