दीडशे मिलिमीटर

घणसोलीतला हा स्लॅब माझ्याच हिशोबाचा.
दीडशे मिलिमीटर जाड, दहाची सळई,
एकवीस दिवस ओल्या गोणपाटाखाली पाणी प्यालेला.
वर हत्ती बांधा, वाकणार नाही.

पण रात्री दोनला वैजयंताबाईंची वाटी पडते
आणि थेट माझ्या उशीत घरंगळते.
वजनाचं गणित चोख केलं होतं. आवाजाचं
कुणी मागितलंच नव्हतं.

रबराचा थर घेऊन वर गेलो:
लादीखाली घालू, काकू, खाली काही ऐकू येणार नाही.
त्या ओट्याला टेकून उभ्या. म्हणाल्या,
"आणि मी पडले तर?"

गुंडाळी अजून जिन्यात उभी आहे.
आत्ता चालल्यात. काठी, पाऊल, काठी.
बीमवर थांबल्या.
पाणी पीत असतील.