सामाईक भिंत

शेफील्डमध्ये घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं
की उतारावरच्या रांगेतल्या घरात
गोटी सोडली तर ती स्वयंपाकघराकडेच जाते.
भिंतीला पाणसळ लावली
तर बुडबुडा एक सांगतो, डोळे दुसरंच.
जयवंत म्हणाला, छताची रेघ धर.
मी म्हटलं, छत तरी कुठं सरळ आहे?

आधी सगळ्या चौकटी गालिच्यावर मांडल्या,
दुपारभर सोंगट्यांसारख्या सरकवल्या.
वडिलांचं वायरमनचं लायसन, शिक्का पुसट झालेलं.
लग्नातला तो फोटो, ज्यात भटजींनी नेमके डोळे मिटलेत.
ईराने काढलेलं बदक, ज्याला ती आता घोडा म्हणते.
जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या चौकटीत
आधीपासूनच असलेला कुणाचा तरी कुत्रा,
काढवेना.
आणि माझ्या मनगटाचा एक्स-रे:
पहिल्याच हिवाळ्यात, ह्याच उतारावर, बर्फात मोडलेलं,
माझ्याच खात्यात, माझ्याच मशीनखाली
मी पहिल्यांदा पेशंट म्हणून हात ठेवला होता.

थोरल्या भावाचा फोटो
तीनदा मधोमध ठेवला, तीनदा कडेला.
जयवंत काही बोलला नाही.
चहा टाकायला गेला.

मग चौकटींच्या मापाने वर्तमानपत्र कापलं,
तुकडे चिकटपट्टीने भिंतीवर लावले
आणि आठवडाभर त्यांच्याकडे बघत जेवलो.
गाद्यांचा सेल. हरवलेली मांजर.
घरच्या मैदानावर तीन-शून्यने हरलेला संघ.

शनिवारी ड्रिल.
आधी बोटांनी भिंत ठोकून पाहिली,
डॉक्टर छाती ठोकतात तशी: इथं भरीव, इथं पोकळ.
हाडं वाचायची सवय आहे मला,
गिलाव्याच्या आतलं मात्र काही दिसत नाही.
पहिलं भोक बरं पडलं.
दुसऱ्यातून लाल पीठ सांडलं विटेचं.
तिसऱ्याला
पलीकडे काहीतरी पडलं
आणि फुटलं.

भिंतीला कान असतात हे ऐकून होते.
भिंतीला दुसरी बाजू असते,
हे सहा वर्षं राहूनही ध्यानात आलं नव्हतं.

नॉर्मन दारात, घरातल्या सपातांवर,
हातात चौकट, चौकटीत बायको,
काचेविना.
पंचविशीतली, समुद्राच्या वाऱ्यात केस सावरणारी.
मला माहीत होती ती नाकात नळी घातलेली,
खिडकीतून हात करणारी.
मी सॉरी म्हणत राहिले, एकदा चुकून मराठीतही.
तो म्हणाला, ती कधी सरळ टिकलीच नाही भिंतीवर.
मग आत डोकावून आमचे कागद वाचू लागला.
ही मॅच बघायला गेलो होतो मी, म्हणाला,
भर पावसात. पैसे वाया.

आमची एकच चौकट त्या मापाची निघाली.
भावासाठी आणलेली.
मागच्या पत्र्या वाकवून काच सोडवली,
दोन्ही बाजूंनी पुसली,
तरी कुणाचा तरी अंगठा तिच्यावर राहिलाच.
जयवंत पलीकडे गेला.
खिळा सैल झाला होता, जरा बाजूला घेऊन पुन्हा ठोकला,
खुंटी हलवून बळकट करतात तसा.
मी अलीकडे तळहात टेकवून उभी.
एकेक ठोका मनगटापर्यंत येत होता,
बरोब्बर जुन्या जागी.

आता बाकीचं सगळं लागलं आहे.
कुत्रा थोडा डावीकडे कलतो, कलू दे.
मधोमध अजून तो कागद आहे,
तीन-शून्य, कडांनी पिवळा पडत चाललेला.
येणारा-जाणारा विचारतो. ईरा सांगते,
तो मामाचा आहे.

काल रात्री, चार वर्षांनी, दिगंबरदादाला लिहिलं.
बाकी काही सुचेना. एवढंच:
तुझा एक फोटो पाठव.
आडवा नको, उभा.
आठ बाय दहा.