काठाचे पत्ते

इरय्याच्या दुकानात चिपा कुंद्याच्या डब्यात असतात,
थर्माकोलमध्ये पाय रोवून,
तुपाचा वास अजून न गेलेल्या.
तो वर न बघताच विचारतो, "एष्टु बेकु?"
"एकच. पण जुनी. चाळीस पायांची."
"जुनंच आहे की सगळं," तो म्हणतो,
"मला धरून."

खडेबाजारातून वडगावपर्यंत
पिशवीत एक मेंदू, दोन आठवणी,
लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचे पन्नास रेझिस्टर,
आणि कानडी पेपरात गुंडाळलेला राळेचा खडा.
बातमी फाटलेली. कुणाची तरी बदली झाली होती,
कुठं ते कळलं नाही.

मागाच्या खोलीत आता माग एकच.
तीन भंगारात गेले, किलोवर.
उरलेल्यावर मी फळी टाकलीय टेबलासारखी.
नानांनी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.
वीज गेली की मी दातानं तारा सोलते,
मग मात्र ते ओरडतात, "दात जातील, कामकरांचे आहेत ते!"

खुंटीवर पत्ते.
दोऱ्यानं ओवलेले एकशेचव्वेचाळीस पुठ्ठे,
भोक आहे, भोक नाही, नाही, आहे.
लहानपणी मी त्यांच्याखाली झोपायचे,
डोक्यावर साडीचा काठ असा कोरा लटकलेला,
आणि बत्तिसाव्या वर्षी एकदा डाख देता देता
हात थांबला:
हे तर वाचता येतं.

खाली आठ दिवे, वर आठ डोळे,
मधून पुठ्ठा सरकतो, शिलाई मशीनच्या चाकानं.
पहिले चार दिवस काहीच जमेना.
कौलातल्या काचेतून ऊन यायचं
आणि सगळीकडं भोकंच भोकं.
म्हणून रात्री.

इरय्याला पत्ता म्हणजे
मेंदूतून निघालेल्या सोळा तारा,
कुठल्या खोलीत काय ठेवलंय ते सांगणाऱ्या.
नानांना पत्ता म्हणजे पुठ्ठा.
पोस्टमन म्हणतो, पत्ता नीट घाला बाई,
बेळगाव घालताय का बेळगावी?
तुम्हाला सापडतंय ना घर, मी म्हणते.
सापडतंय की, तो म्हणतो, आणि
पार्सल देऊन चहाला थांबतो.

टीव्ही काळा-पांढरा, चौदा इंची,
थोपटल्याशिवाय उभा राहत नाही.
काल रात्री त्यावर ओळीमागून ओळ
गोमी काठ उतरला,
इतका हळू, की नाना खाटेवरून उठून आले तेव्हा
अजून निम्माच होता.

सत्ताविसाव्या ओळीत एक ठिपका नाही.
मी दोन डोळे बदलले. डाख पुन्हा दिला.
तरी नाही.
"तिथं नसतोच," नाना म्हणाले.
पत्ता काढला. तिसऱ्या भोकावर
खळीनं चिकटवलेला कागदाचा तुकडा,
बिडीच्या बंडलावरचा, गुलाबी.
"त्या साली हूक मोडला होता.
नव्याला पैसे नव्हते. रिकामं भोक हिसकायचं,
सूत तुटायचं. म्हणून बुजवलं."
आणि साड्या?
"गेल्या की. चाळीस डझन. शहापूरच्या व्यापाऱ्यानं
भिंग लावून बघितल्या." थोडं थांबून,
"गोमेचा एक पाय मोडला म्हणून..."
पुढचं त्यांनी म्हटलं नाही.
टेबलावर चाळीस पायांची ती
शांत बसून होती, जरा गरम.

तो तुकडा खरवडायला
मी नख लावलं होतं.
काढलं.

तेवढ्यात वीज गेली.
पडद्यावर एक ठिपका उरला, तोही आत गेला.
आठवणीत होतं ते सगळं पुसलं,
ती तशीच असते, विजेवर जगणारी.
अंधारात खाट वाजली नाही,
म्हणजे नाना अजून उभेच.
"आली की परत लाव," ते म्हणाले.
"पुढचा निम्मा बघायचाय."

मी बोटांनी चाचपत
पहिला पत्ता शोधतेय.