खालचा जबडा

गांधीबागेतल्या माझ्या लॅबमध्ये
माणसं येत नाहीत, नुसती तोंडं येतात.
गुलाबी मेणात उमटलेली, ओल्या कापडात गुंडाळलेली,
डबीवर नाव, वय, दातांचा रंग.

मंगळवारी अजब बंगल्यातून उरकुडे मॅडम आल्या.
बुटाच्या खोक्यात कापूस, कापसात जबडा.
"शिवालिकच्या टेकड्यांतला वानर. आता नाही कुठेच.
हा साचा जुना झालाय, कडा गेल्यात.
शाळेच्या पोरांना हाताळायला एक नवा काढून द्या."
वय? मी सवयीनं विचारलं.
"कोटीभर वर्षं. थोडी कमी."
डबीवर तेवढी जागा नव्हती.
मी लिहिलं: प्रौढ.

दुपारी वीज गेली. कूलर थांबला.
खिडकीशी नेऊन दाढा पाहिल्या.
डावीकडच्या सपाट, पाट्यासारख्या.
उजवीकडची दुसरी जवळजवळ कोरी.
म्हणजे दुखत होती तुला, बावा, उजवीकडं,
आणि तू किती उन्हाळे एकाच बाजूनं
फोडत राहिलास टणक बिया, जाड सालीची फळं,
आपल्या टेंभरांसारखं काहीतरी,
ज्याचा तुरटपणा
जिभेवरून उतरायला संध्याकाळ लागते.

पण खालचा जबडा एकटा काय सांगणार?
चावा कळायला वरचा लागतो.
आणि वरचा, मॅडम म्हणाल्या,
ह्याचा सापडलेलाच नाही.

माझ्या फळीवर न नेलेल्या कवळ्या आहेत.
वच्छलाबाई पराते, एक्क्याऐंशी, गोळीबार चौक.
माप द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या,
"समोरचे मजबूत बसव भाऊ, सूत तोडाचं हाये मले."
तयार झाली त्या आठवड्यात
त्यांचा नातू नुसता सांगायला आला.
पैसे द्यायला लागला. मी घेतले नाहीत.

नवा साचा सुकला तेव्हा
मी तो बिजागरीत खाली बसवला,
वर वच्छलाबाईंची कवळी.
मध्ये निळा कागद ठेवून मिटवलं.
बसणार नव्हतंच. केवढा तो, केवढ्या ह्या.
तरी टक् असा आवाज झाला.
डावीकडच्या शेवटच्या दाढेवर
मोहरीएवढा निळा ठिपका.

शुक्रवारी मॅडमनी जबडा उलटसुलट पाहिला.
"छान झालाय. हे निळं काय?"
इथं टेकतं, मी म्हणालो.
त्या पावतीवर सही करत होत्या.
कशाला टेकतं,
ते त्यांनी विचारलं नाही.