मज्जाव

हेल्दुर, पासवर्ड तुझ्याजवळ
आणि तू बेटावर, गोठलेल्या समुद्राला भोक पाडून
माशाची वाट बघत बसलेला.
फोन लागत नाही.
तार्तूत उणे एकोणीस. तळघरातल्या मशीनखोलीत मात्र
स्वेटर काढून ठेवावा लागतो.

सोमवारी विद्यापीठाची चारशे मशीन
नव्या शिस्तीला लागणार.
कुठली फाइल कुणाच्या नावे, कुठली सेवा चालू, कुठली बंद,
सगळं आपण लिहून दिलंय,
आणि ते वाचून घर लावणारा हा प्रोग्राम.
त्याच्या सहाशे बारा चाचण्या.
मी साधी वापरकर्ती. नाव लेएलो, गट पाहुणे.

पहिल्या फेरीत एकेचाळीस नापास.
एकीला फाइलचा मालक बदलायचा होता. मज्जाव.
एकीला नवा माणूस नोंदवायचा होता. मज्जाव.
एकीला ऐंशी नंबरच्या दारात बसायचं होतं,
तिथे तर उभंही राहू देईनात.
खरं सांगते, मला तुझाच राग आला.
रूट म्हणजे मूळ. आमच्याकडे यूर,
दाताचंही तेच, झाडाचंही तेच,
आणि त्यालाच एक प्रत्यय लावला की अर्थ होतो
'जवळ', कुणाच्या तरी जवळ.
तू कुणाच्याच जवळ नव्हतास.

मग मी लुटुपुटूचं घर मांडलं.
तात्पुरत्या फोल्डरात एक चिमुकलं इटीसी,
एक चिमुकलं व्हार,
मालक म्हणून सगळीकडे माझंच नाव.
प्रोग्रामला म्हटलं, हेच जग, याच्या वर काही नाही.
मालक बदलायची वेळ आली की बदलू नकोस,
फक्त लिहून ठेव : बदलला असता.
एकेचाळिसाच्या नऊ झाल्या. नवाच्या दोन.
त्या दोघींना खरंच मूळ लागतं.
त्यांच्यापुढे लिहिलं : आज नाही, हेल्दुर आल्यावर.
खोटं हिरवं मला नको होतं.

मध्येच वाल्वे आली, बादली घेऊन.
तिच्या कमरेला अख्ख्या इमारतीच्या किल्ल्या,
तरी उघड्या दारावर टकटक करते.
'येऊ का?'
ये की, म्हटलं, आणि पाय वर घेतले.

तेव्हाच दिसली ती, फाइलच्या तळाशी,
सात वर्षांपूर्वी झोपवून ठेवलेली एक चाचणी.
वर तुझी ओळ : नापास का होते कळत नाही. बंद केली. हे.
मागणं साधंच होतं तिचं.
लिहायला बंदी असलेली फाइल द्या
आणि बघा, प्रोग्राम 'जमलं नाही' म्हणतो का.
पण तू तिला मूळ होऊन चालवलीस, हेल्दुर.
मुळाला कोण अडवणार?
बंद फाइलही तुझ्यापुढे उघडत गेली
आणि ती बिचारी 'नकार कुठाय, नकार कुठाय'
म्हणत पडत राहिली.

मी तिला उठवलं.
पुन्हा लाल. पण हे लाल निराळं.
नकार आला होता, अगदी दारातच,
आणि आपला प्रोग्राम तोंड वर करून म्हणाला :
झालं.
फाइल जशीच्या तशी. आणि झालं.

ग्रंथालयातली ती सहा जुनी मशीन आठवली,
ज्यांची डिस्क वाचण्यापुरतीच उघडते,
जिथे मुळाचंही काही चालत नाही.
सात वर्षं रोज रात्री तीही म्हणतायत, झालं.
आपण यादीत हिरवी टिकली बघून घरी जातो.

दुरुस्ती चार ओळींची.
त्यातली एक मी तीनदा खोडली.

पहाटे तुझा फोन. मागे बर्फ करकरत होता.
'पासवर्ड लिहून घे,' म्हणालास.
घेतला. वाल्वेनं टेबल पुसताना तो कागद उचलला,
न वाचता पुन्हा तिथेच ठेवला.
मी विचारलं, मासा मिळाला का?
'एक. लहान होता. सोडून दिला.'